मॅडमची खडीसाखर

काचेची नळी रडते, हे मला मॅडमनी शिकवलं. धुतलेली टेस्ट ट्यूब त्या खिडकीकडे धरायच्या, एक डोळा मिटायच्या आणि बराच वेळ पाहत राहायच्या. काच खरोखर स्वच्छ असली तर पाणी तिच्यावरून सरळ, एकसंध उतरून जातं. कुठे तेलकट राहिलं असेल तर तिथे थेंब अडकतात. असा एखादा थेंब दिसला की मॅडम नळी माझ्या हातात परत द्यायच्या.

"भाऊ, हे रडून राह्यली."

बस, एवढंच. मी पुन्हा धुवायचो. नळाला पाणी एक दिवसाआड, तेही सकाळी. बाकी वेळ मी ड्रममधून मग्ग्याने काढून नळ्या धुवायचो आणि मनातल्या मनात त्यांना नाही नाही ते बोलायचो. उघड कधी बोललो नाही. माझा तो स्वभावच नाही. जिथे बोलायलाच पाहिजे होतं तिथेही बोललो नाही, म्हणून तर आज हे लिहायला बसलो आहे.

वाशीम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, हायस्कूल आणि ज्युनियर कॉलेज एकाच आवारात असलेल्या शाळेत मी प्रयोगशाळा सहायक आहे. अर्धं वय याच खोलीत गेलं. मॅडम अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवायच्या. अनसिंगकडच्या. वडील शेतमजूर, भाऊ पोलिसात. येता-जाता कोणी जयभीम घातला की खडूने माखलेला हात तसाच वर करायच्या. रोज एसटीने यायच्या आणि हायड्रोजन सल्फाइडचं प्रॅक्टिकल असलं की एसटीनेच, त्या सडक्या अंड्याच्या वासासकट, परत जायच्या. त्या दिवशी त्यांच्या शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामी राहायची. कंडक्टर तिकीट लांबूनच द्यायचा. एकदा त्याने विचारलं म्हणे, "मॅडम, तुमी करता काय नेमकं?" मॅडम म्हणाल्या, "शिकवतो. उद्या या, तुमाले बी दाखवतो." तो आला नाही. मात्र पुढे वासाच्या दिवशी तो त्यांच्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवायचा. त्यांची सोय म्हणून की बाकीच्या प्रवाशांची, कोण जाणे.

लॅबच्या दाराशी त्यांनी एक पोतं ठेवलं होतं. त्यात भावाने जमवून दिलेले पोलिसांचे जुने बूट होते. ॲसिड सांडलं तर पाय भाजतील म्हणून चपलेवर कोणालाही आत प्रवेश नव्हता. पोरं-पोरी चपला बाहेर काढून ते ढगळे बूट चढवायच्या आणि खोलीभर ठाक ठाक करत हिंडायच्या. आधी हसायच्या, मग सवय व्हायची. प्रिन्सिपॉल सरांनी एकदा दारातून पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, हे काय पोलीस भरती चालू आहे?" मॅडम म्हणाल्या, "सर, तुमी बी घाला. तुमच्या पायात चप्पलच आहे." सर आत न येता परत गेले.

त्या कुणाला बरोबर म्हणत नसत, की चूक म्हणत नसत. पोराने निळा रंग आला म्हणून सांगितलं की म्हणायच्या, "पुन्हा पाह्य." त्याने पुन्हा पाहून निळाच म्हटलं तर म्हणायच्या, "मग निळा लिही." पुस्तकात हिरवा असला तरी. "जे दिसलं ते लिहाचं. दिसायले पाहिजे होतं ते लिहाचं नाही." पहिल्या महिन्यात पोरं वैतागायची. बारावी संपेपर्यंत त्यातली काही खरंच पाहायला लागायची. मी बेसिनपाशी उभा राहून ते बघायचो आणि मला एक विचित्र धाक वाटायचा, देवळात वाटतो तसा.

माझ्या कामाचं म्हणाल तर, शाळेत प्रयोगशाळा सहायकाला काही काम नसतं असं सगळे समजतात. त्यामुळे सगळे त्याला कामं सांगतात. अमुक सरांच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीला डिस्टिल्ड वॉटर द्या. तमुक मॅडमच्या बाथरूमच्या फरशीला ॲसिड द्या, बाजारातल्याने डाग जात नाहीत. गॅदरिंगला मशालीसाठी स्पिरिट द्या. पोषण आहाराच्या तांदळाची पोती महिनाभर लॅबमध्ये ठेवू द्या. पोती आली की उंदीर आले, उंदीर आले की गॅसच्या रबरी नळ्या कुरतडल्या, आणि त्याचा जाब मला. मी सगळ्यांना हो म्हणायचो. नाही म्हणण्याचं काम मॅडम करायच्या.

एकदा संस्थेचे अध्यक्ष पाहुण्यांना घेऊन आले. ग्लास कमी पडले म्हणून शिपायाने लॅबमधले बीकर नेले आणि त्यातून लिंबू सरबत दिलं. मॅडमना कळलं तेव्हा त्या खडू खाली ठेवून सरळ ऑफिसात गेल्या. मी मागे दारात उभा. अध्यक्षांनी बीकर ओठाला लावलाच होता.

"साहेब, थांबा," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "याच्यात काल शिशाचं पाणी होतं."

अध्यक्षांनी बीकर टेबलावर ठेवला. मग सगळ्यांनीच ठेवले. मॅडमनी ते ट्रेमध्ये गोळा केले आणि निघाल्या. व्हरांड्यात मी हळूच विचारलं, "मॅडम, खरंच होतं?"

"होतं. धुतलं तुमीच. पण तो एक रडून राह्यला होता."

तेव्हापासून लॅबमधली वस्तू मागायला कोणी आलं नाही. अध्यक्षांनी मात्र ते लक्षात ठेवलं असावं.

माझ्या आणि मॅडमच्या दोनच गोष्टींवरून कुरबुरी व्हायच्या. पहिली लेबलांची. ॲसिडच्या वाफांनी बाटल्यांवरची कागदी लेबलं पिवळी पडतात, अक्षरं उडतात आणि शेवटी कागदच गळून पडतो. मॅडम सांगायच्या, "भाऊ, लेबलावर मेणबत्ती फिरवा. मेण बसलं का वाफ लागत नाही." मी हो म्हणायचो आणि करायचो नाही. मला लेबलाची गरज वाटत नव्हती. कोणती बाटली कुठे हे मला अंधारात सांगता आलं असतं. मधली फळी, डावीकडून सोडियम, मग पोटॅशियम, कोपऱ्यात बेरियम नायट्रेट, त्याच्या खालच्या फळीवर शिशाचं, म्हणजे लेड नायट्रेट. दोन्ही पांढरी, दोन्ही दाणेदार, साखरेसारखी. मी नाव वाचत नव्हतो, जागा वाचत होतो.

दुसरी कुरबूर सॉल्ट सांगण्याची. बारावीच्या बोर्डाच्या प्रॅक्टिकलला पोरांना एक पांढरी पूड देतात आणि ती कोणतं सॉल्ट आहे हे प्रयोग करून ओळखायला सांगतात. बाहेरून परीक्षक येतो, त्याला आम्ही एक्सटर्नल म्हणतो. त्याला पोहे, चहा, दुपारचं जेवण. आणि लॅबवाला पोरांमधून पाणी भरत, दिवा पेटवत फिरतो आणि हळूच सॉल्टचं नाव सांगतो. हे सगळीकडे चालायचं, निदान मला तरी तसंच वाटत होतं. मला ते पुण्याचं काम वाटायचं. पोरं एरवी मला विचारत नसत, पण त्या दिवशी "काका, काका" करायची. खरं सांगायचं तर वर्षात तो एकच दिवस माझा असायचा.

मॅडमना हे माहीत होतं. पण त्यांच्याकडे पुरावा नव्हता आणि प्रिन्सिपॉल सरांची माझ्यावर मेहेरनजर होती. मग त्यांनी उपाय काढला. परीक्षेच्या सकाळी त्या माझ्यासाठी खडीसाखरेचा एक मोठा खडा आणायच्या आणि माझ्या हातावर ठेवायच्या.

"तोंडात ठिवा, भाऊ. पेपर संपेपर्यंत चावायचा नाही, काढायचा नाही. तोंड गोड राहीन आणि बंद बी राहीन."

सगळ्यांदेखत दिलेला खडा, नाकारता येईना. पहिल्या वर्षी मी खरोखर गप्प राहिलो. दुसऱ्या वर्षी मला तो गालात सरकवून बोलायला जमलं.

आता त्या परीक्षेचं सांगतो.

त्या वर्षी परीक्षेआधी लॅबला रंग दिला. रंगाऱ्यांनी बाटल्या उतरवल्या आणि रंग वाळल्यावर परत लावल्या. मी तेव्हा रिसोडला भाचीच्या लग्नात होतो. परत आलो ते थेट परीक्षेच्या तयारीला. नमुने मी काढले, पुड्यांवर नंबर मी टाकले, आणि कोणत्या नंबरात काय हे मॅडमना आणि एक्सटर्नल सरांना मीच सांगितलं. कोपऱ्यातल्या बाटलीत बेरियम असणार म्हणून बेरियम सांगितलं. बाटलीवर लेबल नव्हतं.

ती पुडी खिडकीकडच्या रांगेला आली. गालात खडीसाखर धरून मी पाणी वाढत गेलो आणि एकेकाच्या कानाशी "बेरियम नायट्रेट" म्हणत गेलो. बेरियमला एका चाचणीत पिवळा रंग येतो. शिशालाही तसाच पिवळा येतो. ज्याच्या कानावर बेरियम पडलं त्याने तेवढं पिवळं पाहिलं आणि पुढचं पाहिलंच नाही. सगळ्यांनी बेरियम लिहिलं.

एका मुलीने नाही. तिचे वडील गावाला लागून असलेल्या मळ्यात मेथी, वांगी, कोथिंबीर लावायचे. ती पहाटे जुड्या बांधून बाजारात पोचवून मग कॉलेजला यायची. नखांत माती, पायात पोलिसी बूट. घरात बारावीपर्यंत आलेली ती पहिलीच. बी.एस्सी.ला वाशीमला जायचं होतं आणि वडिलांनी अट घातली होती, मार्क चांगले आले तर पाठवतो, नाही तर मळा आहेच.

मी तिच्या कानाशी नाव सांगितलं. तिने नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काका, पण हायड्रोक्लोरिक टाकलं तं पांढरं खाली बसून राह्यलं. बेरियमले असं होत नाही."

"लिहून टाक," मी म्हणालो.

तिने लिहिलं, लेड नायट्रेट.

एक्सटर्नल सरांनी पेपर तपासायला घेतले आणि तिला पुढे बोलावलं. उंच, थकलेला माणूस, त्याला अकोल्याची शेवटची गाडी धरायची होती. "पूर्ण रांगेचं बरोबर आणि तुझं एकटीचं चूक. सॉल्टचे मार्क देता येणार नाहीत."

"सर, मले जे दिसलं ते लिहिलं," ती म्हणाली आणि तिथून हलली नाही.

मॅडम खोलीच्या दुसऱ्या टोकाला होत्या. त्या आल्या, तिच्या हातातली नळी घेतली आणि खिडकीकडे धरून एक डोळा मिटला. मग माझ्याकडे वळल्या.

"भाऊ, हे पुडी ज्यातून काढली ते मोठी बाटली आणा."

मी आणली. आणतानाच माझ्या लक्षात आलं. शिशाची बाटली काठाला किंचित फुटलेली होती, बोटाला नेहमी लागायची. नमुने काढायच्या घाईत जाणवली नव्हती, ती मला आता लागली. माझ्या तोंडचं पाणी पळालं, गालात साखर असताना.

"हे बाटली कायची आहे?" मॅडमनी विचारलं.

त्या क्षणी मला सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "बेरियमची."

गलका ऐकून प्रिन्सिपॉल सरही आले होते. ते म्हणाले, "झालं ना मॅडम? पोरांना जाऊ द्या. साहेबांची गाडी आहे."

"गाडी मी थांबवतो," मॅडम म्हणाल्या. त्यांनी तसं केलंही, म्हणजे खरंच स्टँडवर त्या वासवाल्या कंडक्टरला फोन केला आणि अकोल्याची गाडी थोडी रोखून धरायला सांगितलं. मग एक्सटर्नल सरांकडे वळल्या. "सर, आज हिले चूक म्हटलं, तं हे पोरगी जिंदगीभर आपल्या डोळ्यावर भरोसा ठेवणार नाही. मले एक नळी करू द्या. तुमी स्वतः पाहा."

सर खुर्चीत बसले. मॅडमनी बाटलीतली चिमूटभर पूड पाण्यात विरघळवली आणि त्यात पोटॅशियम आयोडाइडचे थेंब टाकले. नळी पिवळीधमक झाली. सगळी पोरं बाकांभोवती गोळा झाली, बूट ठाक ठाक वाजत. मॅडमनी नळी दिव्यावर धरली. पिवळा रंग हळूहळू नाहीसा झाला आणि आत नुसतं स्वच्छ पाणी उरलं. मग त्यांनी ती ड्रममधल्या पाण्यात बुडवून थंड केली आणि पश्चिमेच्या खिडकीत धरली.

आत सोनं पडायला लागलं. बारीक, चकचकीत, चपटे कण, एकेक गिरकी घेत खाली उतरणारे. सूर्य खिडकीवर आला होता, त्यामुळे ते कण पेटल्यासारखे दिसत होते. प्रिन्सिपॉल सरांच्या हातातला मोबाइल वाजत होता, तो त्यांनी न बघता बंद केला. मी ही चाचणी अनेकदा लावून दिली होती, पण नळी पुसायची घाई असायची. त्या दिवशी मी प्रथम पाहिलं. बेरियमला असं कधीच होत नाही.

एक्सटर्नल सर उठले, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. मग त्या मुलीला म्हणाले, "बेटा, तुझंच बरोबर आहे." आणि तिला सॉल्टचे पूर्ण मार्क दिले.

इतरांचं काय? मॅडम म्हणाल्या, त्यांना दुसरं सॉल्ट देऊ, पुन्हा करतील. सरांनी मान्य केलं. नवी पुडी मॅडमनी स्वतःच्या हाताने काढली, मला न दाखवता. पोरं प्रयोग करताना एकेक करून माझ्याकडे बघत होती. मी भिंतीकडे बघत होतो. काहींना जमलं, काहींना नाही. ज्यांना नाही जमलं त्यांचे मार्क गेले. एक्सटर्नल सरांना अकोल्याची गाडी मिळाली.

पण ते तिथे संपलं नाही. मार्क गेलेल्यांमध्ये अध्यक्षांचा पुतण्या होता. आठ दिवसांनी बैठक बोलावली. अध्यक्ष म्हणाले, पूर्ण रांगेने एकच चुकीचं नाव लिहिलं, म्हणजे आतून कोणीतरी सांगितलं. इंटर्नल परीक्षक मॅडम. त्यांनीच आधी चुकीचं नाव फोडलं आणि अंगावर येतंय असं दिसल्यावर ते नाटक केलं. मॅडम म्हणाल्या, "मी नाही सांगितलं." यापलीकडे एक शब्द नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

अध्यक्षांनी मला विचारलं, "काय हो, मॅडमनी तुमच्याकडून पोरांना सांगवलं का?"

मी बोललो नाही. मी मान हलवली. वरून खाली.

जूनमध्ये मॅडमकडून अकरावी-बारावी काढून घेतली आणि त्यांना पाचवी ते सातवी दिली. केमिस्ट्रीत एम.एस्सी. झालेली बाई, रिटायर होईपर्यंत समोरच्या इमारतीत पाचवीला फुलाचे भाग शिकवत राहिली. गावात तर, मॅडम पेपर फोडायच्या, हेच पसरलं.

त्यांनी माझ्याशी अबोला धरला असता तर मला सोपं गेलं असतं. पण जूनच्या पहिल्याच आठवड्यात त्या मेणबत्त्यांचा पुडा घेऊन लॅबमध्ये आल्या, स्टूल ओढून बसल्या आणि एकेका बाटलीला नवं लेबल लावून मेण फिरवायला लागल्या. मी शेजारी बसून बाटल्या पुसून देत होतो.

"मान काहून हलवली, भाऊ?" त्यांनी मध्येच विचारलं, मान वर न करता.

"भेव लागलं, मॅडम. नोकरीचं."

"हं," त्या म्हणाल्या. "हे खरं बोलले." आणि पुढची बाटली घेतली. पुन्हा कधी विषय काढला नाही. मी माफी मागितली नाही. त्यांनी ती मागण्याइतकी जागाच ठेवली नव्हती, की मला ती दिसली नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

समोरच्या इमारतीतून मला रोज ठाक ठाक ऐकू यायचं. पाचवीची पोरं ते बूट घालून डबक्यातलं पाणी काचेवर घेऊन बघायची. "पुन्हा पाह्य," मॅडमचा आवाज यायचा. अधूनमधून त्या टेस्ट ट्यूब मागायला यायच्या, उजेडाला धरायच्या आणि कधी परत द्यायच्या. माझ्या नळ्या आता सहसा रडत नव्हत्या. आणि परीक्षेच्या दिवशी मी स्वतःच बाजारातून खडीसाखर आणायचो. पोरं कानाशी यायची, "काका, कोणतं?" मी तोंड उघडून खडा दाखवायचो.

गेल्या वर्षी मॅडम रिटायर झाल्या. निरोप समारंभ हॉलमध्ये झाला. अध्यक्ष तेच, अधिक म्हातारे. ती मळ्यातली मुलगीही आली होती. आता ती मंगरूळपीर तालुक्यात शाळेवर विज्ञान शिकवते. कडेवर पोरगं घेऊन शेवटच्या रांगेत बसली होती. भाषणं झाली. मॅडम शिस्तप्रिय होत्या, मनमिळाऊ होत्या, असं ज्याने त्याने सांगितलं. शेवटी मॅडमनी सगळ्यांना पेढे वाटले. माझ्यापाशी आल्या तेव्हा पेढ्याचा डबा बाजूला धरून त्यांनी पर्समधून कागदाची पुडी काढली आणि खडीसाखरेचा खडा माझ्या हातावर ठेवला. सगळे हसले. त्यांना ती जुनी गंमत वाटली. मॅडम हसल्या नाहीत.

मी खडा तोंडात टाकला. जागेवर जाऊन बसलो. सूत्रसंचालकाने विचारलं, आणखी कोणाला दोन शब्द बोलायचे आहेत का.

मी उठलो. माईकपाशी गेलो, तोंडातला खडा काढून मुठीत धरला आणि सांगितलं. बाटलीची जागा बदलली होती, मी लेबल लावलं नव्हतं. नाव मी सांगितलं, मॅडमनी नाही. बाटली शिशाची हे कळल्यावरही मी खोटं बोललो. आणि साहेबांनी विचारल्यावर मी मान हलवली ती खोटी हलवली. माईक खरखरत होता. अध्यक्ष समोरच्या फुलदाणीकडे बघत होते. माझी मूठ चिकट झाली होती.

बोलून झाल्यावर मी मॅडमकडे पाहिलं. मला उजेडाला धरून पाहावं तसा त्यांनी एक डोळा बारीक केला होता.

"पुन्हा सांगा, भाऊ," त्या म्हणाल्या. "मागच्या रांगेले ऐकू नाही गेलं."

मी माईक सोडला, दोन पावलं पुढे आलो आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.